आठ रिकामे खण

४ सप्टेंबर

आज विद्यापीठातून एक मुलगी आली होती. पाठीवर पिशवी, हातात खोका, आणि बोलण्याचा वेग असा की मधेमधे आपणच एखादा पूर्णविराम टाकावा. जुन्या वस्तू हवेमुळे कशा खराब होतात ते मोजणाऱ्या डब्या ती लहान लहान संग्रहालयांत बसवते आहे. मी उत्साहाने स्टूल आणलं, पक्कड आणली आणि विचारलं, "तारा कुठून न्यायच्या?"

"तारा नाहीतच काका. बिनतारी आहे सगळं."

माझी पक्कड हातातच राहिली. तेव्हापासून माझ्या लेखी तिचं नाव बिनतारी.

आमचं अक्षरघर म्हणजे वाचनालयाच्या तळमजल्यावरची एक खोली. त्यात आमच्या बंद पडलेल्या छापखान्याचं पायाने चालवायचं मशीन आहे. भिंतीवर जुनी हस्तपत्रकं आहेत, प्रत्येकाच्या तळाशी वडिलांची ठरलेली ओळ: चूकभूल द्यावी घ्यावी. आणि कपाटात वडिलांची अक्षरं. एकेक अक्षर त्यांनी स्वतः पोलादात कोरलं, मग शिशात ओतून त्याचे खिळे पाडले. खिळा म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. असे सहाशे चाळीस खिळे, काना-मात्रेसकट अखंड पाडलेले. जगात दुसरा संच नाही, पोलादी ठसेही आता उरले नाहीत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण या उलट्या अक्षरांनी केलं.

डबी साबणाच्या वडीएवढी. एक भिंतीवर लावली, एक मशीनजवळ, एक कपाटात. बिनतारी म्हणाली, "हिच्यात शिशाची पातळ फीत आहे. हवेत काही वाईट असलं की आधी ती झिजते. तुमच्या खिळ्यांच्या आधी ती आजारी पडते आणि मला फोनवर कळतं."

मला त्या फितीची दया आली. प्रत्येक घरात एक माणूस असतोच, सगळ्यांच्या आधी शिंकणारा.

कपाटाचं दार उघडताना तिला दोन्ही हात लावावे लागले. "बाप रे, किती घट्ट!"

"मी स्वतः केलंय. रिटायर झाल्यावर पुस्तकात बघून सुतारकाम शिकलो. मुंगीला आत जायचं तर माझी परवानगी लागते."

तिने नाक पुढे केलं. "कसला तरी आंबूस वास येतोय."

"लाकडाचा. सहा वर्षं झाली, अजून नव्यासारखा आहे."

तिने फोनवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "ड्रॉवर बघू का?" मी म्हटलं, नको, धूळ जाते. तिने डबी ड्रॉवरांच्या वरच्या फळीवर ठेवली आणि आम्ही दार लावलं. डबीवर हिरवा दिवा लागला. चला, आपल्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी आलं.

६ सप्टेंबर

वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला? धूळ जाते हे कारण खरं नाही.

ते ड्रॉवर मी सहा वर्षांत एकदाही उघडलेले नाहीत, कारण त्यांत आठ खण रिकामे आहेत. ते बघवत नाहीत.

छापखाना बंद केला तेव्हा धाकटा म्हणाला होता, "दादा, खिळे जुन्या उघड्या केसेसमध्येच, त्या खणाखणांच्या पेट्यांत राहू देत, माझ्या खिडकीजवळ. मी काहीबाही छापत जाईन. हात फिरत राहिला की टिकतात. कोंडू नकोस, आणि कपाट करणारच असशील तर निदान फट तरी ठेव."

"तू कधीपासून सुतार झालास?" असं मी त्याला म्हणालो होतो.

कपाटात लावताना मोजले तर सहाशे बत्तीस भरले. आठ कमी. अक्षरघर सुरू झालं त्या दिवशी शंभर माणसं जमली होती. त्यांच्यादेखत मी विचारलं, "धाकट्या, आठ खिळे कुठे आहेत?" त्याने माझ्याकडे बघितलं. चपला घातल्या आणि गेला. तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सहा वर्षं झाली.

आमची ही दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. कधी सुई मागायला, कधी परत द्यायला. एवढ्या सुया कोणाच्या घरात नसतील. आज मी हिला ड्रॉवरातल्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. कमी असलेली अक्षरं तेव्हाच लिहून ठेवली आहेत: क, घ्या, चू, द्या, भू, ल, आणि वी दोन. तोंडपाठ आहेत मला.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्षरं जुळवणारे जुळारी ना तुम्ही? मग जुळवा की."

हिचं बोलणं नेहमी अर्धं. उरलेलं अर्धं आपण शोधत बसायचं.

१३ सप्टेंबर

कपाटातल्या डबीचा दिवा पिवळा झाला. दाराला काचेचा चौकोन ठेवला होता म्हणून बाहेरून दिसतं. भिंतीवरची हिरवी, मशीनजवळची हिरवी. म्हणजे दोघी शहाण्या आणि एक खोडकर. दुपारी बिनतारीचा फोन आला.

"काका, कपाटातली फीत वेगाने झिजतेय. झिजण्याचा वेग वाढला की दिवा पिवळा होतो. ड्रॉवर उघडून एकदा खिळे बघाल का? पांढरी पूड वगैरे दिसते का?"

"बघतो हं."

१७ सप्टेंबर

परत फोन. "बघितलंत का काका?"

"बघितलं. सगळं ठणठणीत आहे."

हे शब्द तोंडातून कसे गेले, मला कळलं नाही. आजवर प्रुफातली एक चूक मी लपवली नाही. ती म्हणाली, "बरं झालं. मग डबीतच काही बिघाड असेल." तिने माझ्यावर विश्वास ठेवला याचं वाईट वाटलं, आणि ठेवला म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

१८ सप्टेंबर

सकाळी जाऊन कपाट उघडलं. ड्रॉवरांना हात लावला नाही. डबी तेवढी बाहेर काढली आणि कपाटाच्या डोक्यावर, भिंतीला टेकवून ठेवली. आत गुदमरत असेल बिचारी, म्हणून फीत झिजत असेल. माणूसही बंद खोलीत पिवळा पडतो.

जेवायच्या आत दिवा हिरवा! मी खोटं काही केलं नाही, फक्त जागा बदलली. बिनतारीचा निरोप आला: "काका, डबी आपोआप सुधारली!" सोबत हसरा चेहरा. मीही एक पाठवला. नातीने शिकवलंय.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "ताप मोजायची नळी पेशंटच्या तोंडातून काढून खिडकीत ठेवली तर ताप उतरतो का हो?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

९ ऑक्टोबर

सगळं हिरवं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज शाळेची मुलं अक्षरघर बघायला आली होती. एकीने विचारलं, "आजोबा, अक्षरं कपाटात का ठेवलीत? आम्हाला हातात घेऊन बघायची होती." मी म्हटलं, हातात घेतली की खराब होतात. बाईंनी मान डोलावली. मुलगी काचेला नाक लावून आत बघत राहिली. आत तर बंद ड्रॉवरच दिसतात.

६ नोव्हेंबर

बिनतारी बॅटऱ्या बदलायला आली. मला ती पुढच्या आठवड्यात येणार असं वाटलं होतं. मी किल्ल्या शोधत होतो तोवर ती स्टुलावर चढली.

"काका, ही डबी वर कशी?"

पोरीचा आवाज साधा होता. तिने आरडाओरडा केला असता तर मलाही चिडता आलं असतं.

"आत गुदमरत होती," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"अठरा सप्टेंबर." तारीख कशी विसरणार, वहीत लिहिलेली.

ती खाली उतरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुम्ही खिळे बघितले होते ना?"

मी किल्ली तिच्या हातात दिली.

पहिला ड्रॉवर तिनेच ओढला. मला वाटलं, कोणीतरी खणांत पीठ सांडलंय. मग वाटलं, हे पीठ नाही, बुरशी आहे. मग एक खिळा उचलला तर बोटांना पांढरी पूड लागली. खिळ्याच्या टोकाला, जिथे अक्षर असतं तिथे, फुगलेला, चिरलेला खडू होता. दुसरा उचलला. तिसरा. वडिलांनी भिंग लावून कोरलेली वळणं कुठेच नव्हती. तो आंबूस वास आता एवढा उग्र होता की तिने तोंडावर रुमाल धरला.

"लाकडातून आणि गोंदातून आम्लाची वाफ सुटते काका. उघड्यावर असती तर उडून गेली असती. कपाट इतकं घट्ट आहे की ती आतच राहिली. शिसं हळूहळू खात गेली."

"म्हणजे कपाटाने..."

"कपाट फार छान केलंय तुम्ही," ती म्हणाली. तिला धीर द्यायचा होता. तोच शब्द सगळ्यात खोल लागला.

"मी डबी हलवली नसती तर?"

"ते सांगता येणार नाही."

"तरी? अंदाजे?"

ती वरच्या दोन ड्रॉवरांकडे वळली. "हे एकदा सुरू झालं की आपोआप वेग घेतं. खालचे आधीच गेले असणार. या वरच्या दोनांवरची पूड ताजी आहे."  ताजी म्हणजे अठरा सप्टेंबरनंतरची.

नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या बाबतीत तर अंगणही मीच सारवलं होतं.

९ नोव्हेंबर

तीन दिवस बिनतारी आणि मी मऊ ब्रशने खिळे साफ करतोय. ती हातमोजे घालायला लावते, पूड विषारी असते म्हणून. चाळीस वर्षं मी हे खिळे उघड्या हाताने धरले, जेवताना तेवढे हात धुतले. आज मोज्यातून धरले तर परक्याच्या बाळाला उचलल्यासारखं वाटलं.

सहाशे बत्तीसपैकी वाचता येतील असे एकशे एकाहत्तर. आठ खण रिकामेच आहेत. मजा अशी की संबंध ड्रॉवरात तेवढे आठच स्वच्छ आहेत.

कपाटाची दारं मी काढून टाकली. स्क्रू सोडताना जाणवलं, प्रत्येक सांधा किती जीव लावून केला होता. कुठे एक केसभर फट नाही. धाकट्याला दाखवायचं होतं ना, सुतार कोण ते.

रात्रीचं जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं. नेहमी टाकून बोलते, आज बोलली नाही. नुसतं म्हणाली, "धाकट्या भाऊजींना बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा."

"तो दार उघडेल का?"

"दार उघडंच असतं तिथलं. मी काय भिंतीवरून जाते का?"

११ नोव्हेंबर

गेलो होतो. कोपऱ्यापर्यंत. तिथून परत आलो. घरी सांगितलं, तो घरी नव्हता. ही म्हणाली, "नव्हते का? मघाशी तर माझ्याशी बोलत होते." सुई परत करायला गेली होती म्हणे.

आजची नोंद एवढीच. लाज वाटते.

१४ नोव्हेंबर

गेलो.

दार खरंच उघडं होतं. धाकटा खिडकीजवळ बसला होता. सहा वर्षांत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. मी उंबऱ्यात उभा राहिलो तर त्याने मान तिरकी करून विचारलं, "कोण?"

"मी."

"मी नावाची बरीच माणसं आहेत."

"दादा."

त्याने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. छापखान्यात तो असंच करायचा, हात शाईचे असले की.

काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, एक शब्द आठवेना. म्हणून रुमाल सोडला आणि त्यातला खिळा त्याच्या तळहातावर ठेवला. धाकटा डोळे मिटूनसुद्धा खिळा ओळखतो. लहानपणी आम्ही पैज लावायचो, अंधारात बोटाने अक्षर सांगायचं, तो कधी हरला नाही. त्याने अंगठा खिळ्याच्या टोकावरून फिरवला. परत फिरवला. खिळा उलटा केला, दुसरं टोक बघितलं, पुन्हा पहिल्या टोकावर आला.

"दादा, याला तोंड नाहीये. कुठला आहे हा?"

"वडिलांचा. 'म'."

त्याचा अंगठा थांबला.

मग मी सगळं सांगितलं. कपाट, वाफ, एकशे एकाहत्तर. डबीचंही सांगितलं, आणि फोनवर खोटं बोललो तेही. तो मधे एवढंच म्हणाला, "फट ठेव म्हणालो होतो."

"हो."

"मी सुतार नव्हतो म्हणून ऐकलं नाहीस."

"हो."

"दुसरं काही येतं का आज तुला, हो सोडून?"

आतून त्याची बायको म्हणाली, "अहो, आल्या आल्या काय हे! पाणी तरी पिऊ द्या मोठ्या भाऊजींना." पाणी आलं. मी प्यायलो. आठ खिळ्यांबद्दल मी विचारणार नव्हतो. ते त्याने कुठे विकले असले, फेकले असले, तरी आता काय तोंडाने विचारणार?

तोच उठला. चाचपडत खिडकीच्या कट्ट्यावरून काहीतरी आणलं आणि माझ्यासमोर धरलं. दोऱ्याने आवळून बांधलेली खिळ्यांची एक छोटी ओळ. काळीभोर, तुकतुकीत, शाई-तेल मुरलेली, कडा इतक्या धारदार की बोटाला अक्षर टोचावं. छापखान्यातल्या सवयीने मी ती उलटी, उजवीकडून वाचली.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आठ खिळे. चू, क, भू, ल. द्या, वी. घ्या, वी.

ती ओळ वडिलांनी एकदा जुळवली ती कधी सोडलीच नाही. प्रत्येक कामाच्या तळाशी तीच उचलून लावायची. माझ्या डोळ्यांसमोर ती नेहमी एकसंध असायची, म्हणून ती आठ खिळ्यांची आहे हेच मी विसरलो. केसेस मोजल्या, तिला मोजलंच नाही. ही कधीपासून सांगत होती, जुळवा की. दर आठवड्याला तिथे जाऊन हिने ती ओळ बघितली होती.

"वडील गेले त्या दिवशी मशीनवरून उचलली होती," धाकटा म्हणाला. "तू शेजारीच उभा होतास. मला वाटलं, तुला आठवत असेल."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? एवढ्या लोकांत मी..."

"तू विचारलं नव्हतंस दादा. तू लोकांना सांगत होतास, चोर कोण ते."

त्याने ओळ परत घेतली. अंगठ्याने पुसली, जशी बहुधा रोज पुसत असेल. "ही मी अक्षरघराला देणार नाही. तुझ्याकडे गेलं की मरतं."

"अहो!" आतून आवाज आला.

"खरं तेच बोलतोय तो," मी म्हणालो.

निघताना त्याने तो बिनतोंडाचा 'म' परत दिला नाही. मूठ मिटून बसून राहिला. मीही मागितला नाही.

२१ नोव्हेंबर

आज ही वही घेऊन धाकट्याकडे गेलो. बोलून सांगितलं होतं, पण सांगताना माणूस स्वतःला थोडं सावरून घेतोच. लिहिलेलं तसं सावरत नाही. चार सप्टेंबरपासून मोठ्याने वाचलं. "सगळं हिरवं, झाकली मूठ" इथे आलो तेव्हा तो हसला. "मुलगी काचेला नाक लावून आत बघत राहिली," हे ऐकून हसला नाही.

एकशे एकाहत्तर खिळे बिनतारी उघड्या केसेसमध्ये ठेवू म्हणते. मी धाकट्याला विचारलं, तुझ्या खिडकीजवळ ठेवशील का? म्हणाला, "बघू." शेजारी डबी ठेवणार का, विचारलं. म्हणाला, "ठेवा. पण ती जिथे ठेवाल तिथेच राहील हे बघ."

एवढ्या अक्षरांत आता एक धड वाक्यही बसत नाही. मी जुळवून पाहिलं. 'म' नाही, 'न' नाही, 'र' एकच. जे मी राखलं ते गेलं. ज्याला चोरी म्हटलं तेवढं राहिलं.

वाचून झाल्यावर मी वही मिटत होतो, तर त्याने हात आडवा घातला. "पान कुठेय? शेवटचं?" मी त्याचं बोट धरून कोऱ्या पानाच्या तळाशी ठेवलं. त्याने बायकोला शाईचं पॅड मागितलं, ओळ त्यावर टेकवली, दोन्ही अंगठ्यांनी पानावर दाबली आणि पुटपुटत तीन मोजले. वडीलही तीनच मोजायचे.

खाली जे उमटलंय ते माझ्या हातचं नाही. शाई ओली आहे, इतक्यात मिटू नकोस, हवा लागू दे, असं म्हणाला. म्हणून आज वही टेबलावर उघडीच ठेवतो आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी